स्पेसर बसवल्यावर चाकाचे नट पुन्हा पुन्हा सैल होत असतील तर

जिम्नी किंवा जिप्सीसाठी जवळच्या वर्कशॉपमधून अ‍ॅल्युमिनियमचे स्पेसर, म्हणजे चाकाच्या मागे बसून चाक बाहेर सरकवणाऱ्या जाड रिंगा, कापून घेतले की थोड्या दिवसांत ठरलेली तक्रार येते. दीडदोनशे किलोमीटर गाडी नीट चालते, मग एका चाकातून टक-टक ऐकू येतं, ६०-७० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, आणि नट तपासले तर एखाद-दोन जवळजवळ बोटाने फिरतात. आवळले की आठवडाभर बरं, मग पुन्हा तेच.

यावर सर्रास होणारे उपाय तीन आहेत. आट्यांना लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा गोंद) लावणं, नटाखाली स्प्रिंग वॉशर घालणं, नाहीतर पान्याला पाइप अडकवून अजून जोर देणं. तिन्ही उपाय नटावरचे, आणि दोष बहुतेक वेळा जॉबमध्ये, म्हणजे कापलेल्या स्पेसरमध्ये, असतो. शिवाय स्प्रिंग वॉशर चाकाच्या नटाच्या दाबाखाली पूर्ण सपाट होतो, म्हणजे त्याचा स्प्रिंग म्हणून काहीच उपयोग उरत नाही, उलट त्याची कड अ‍ॅल्युमिनियम खरवडते. लॉकटाइट ओलं असताना वंगणासारखं वागतं, त्यामुळे त्याच टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) स्टडवर, म्हणजे नट ज्यावर चढतो त्या बोल्टवर, येणारा ताण बदलतो. पाइपने स्टड ताणला जातो आणि पुढे कधीतरी तुटतो.

इथे धरलेला स्पेसर बोल्ट-ऑन जातीचा आहे, म्हणजे स्पेसर हबवर (गाडीचा चाक धरणारा फिरता भाग) नटांनी बसतो आणि चाक स्पेसरच्या स्वतःच्या स्टडवर. मापं जिम्नी-जिप्सीची: ५ होल, पीसीडी (होलांच्या मध्यांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) १३९.७ मिमी, सेंटर बोअर (मधलं मोठं भोक) १०८ मिमी, स्टड एम१२ × १.२५ (१२ मिमी जाड, आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी). फॉर्च्युनर-हायलक्सला ६ होल, पीसीडी तोच १३९.७, पण बोअर १०६.१ आणि आटे एम१२ × १.५ असतात, आकडे बदलले तरी तपासणी तशीच.

नट का सुटतो

नट आवळणं म्हणजे स्टड ताणणं. जिम्नीच्या मॅन्युअलमध्ये चाकाच्या नटाला १०० न्यूटन-मीटर टॉर्क दिलेला आहे. स्वच्छ, कोरड्या आट्यांवर एवढ्या टॉर्कला एम१२ स्टडमध्ये साधारण ४० किलोन्यूटन, म्हणजे चार टनांच्या आसपास ताण येतो. एवढा ताण येऊनही २०-२५ मिमी लांबीचा स्टड लांबतो किती? ०.०४ ते ०.०५ मिमी. भोवतालचे भाग दबतात ते धरलं तरी सगळा हिशेब मिमीच्या दहाव्या भागाच्या आत संपतो. चाक धरून ठेवणारी शक्ती या एवढ्याशा ओढीत आहे.

आता स्पेसरच्या दोन्ही फेसवर (सपाट बाजूंवर) ८०-८० मायक्रॉन पावडर कोटिंग असेल, किंवा नटाची बैठक (नट टेकतो ती जागा) मऊ धातूत हळूहळू रुतत असेल, तर ०.०४ मिमी सहज खपून जातात. नट अजून जरासुद्धा फिरलेला नसतो, तरी ताण उतरलेला असतो. ताण उतरला की चाकाला बसणारे आडवे हिसके स्पेसरला हबवर केसभर सरकवतात, आणि त्या सरकण्याने नट फिरू लागतो. म्हणून शोधायचं हे की या जोडीत काय दबतंय आणि काय सरकतंय.

सर्वांत आधी आतले नट

बोल्ट-ऑन स्पेसरमध्ये नटांचे दोन संच असतात. बाहेर चाक धरणारे पाच, आणि आत, चाकाच्या मागे लपलेले, स्पेसर हबला धरणारे पाच. टायरवाला बाहेरचे नट दरवेळी आवळून देतो. आतले कोणीच पाहत नाही, कारण त्यासाठी चाक काढावं लागतं. ‘नट घट्ट आहेत तरी चाक हलतंय’ अशा तक्रारीत बहुधा आतले नट सुटलेले असतात. तेव्हा इतर काही करण्याआधी चारही चाकं काढा आणि आतले वीस नट टॉर्क पान्याने तपासा. तपासताना गाडी थंड हवी, घाट उतरून तापलेल्या हबवर नको.

चाक काढलेलंच आहे तर स्पेसरही उतरवा आणि खुणा वाचा. हबला टेकणाऱ्या फेसवर करड्या-काळ्या भुकटीचे डाग असतील तर स्पेसर तिथे घासला जातोय. चकाकी फेसवर सगळीकडे सारखी हवी. फक्त एका चंद्रकोरीएवढ्या भागात चकाकी असेल तर फेस समांतर नाहीत किंवा मध्ये काहीतरी अडकतंय. नटाच्या टेपर (निमुळत्या) बैठकीत तळाशी किंवा वरच्या कडेला एकच बारीक रेघ चमकत असेल तर कोन चुकलाय. होल लांबट झालं असेल, किंवा होलात आट्यांचे ठसे उमटले असतील, तर तो स्पेसर दुरुस्तीच्या पलीकडे गेला.

थरथर स्पेसरची आहे की गाडीची, हेही इथेच ठरवून घ्या. स्पेसर काढून तीच चाकं थेट हबवर लावा आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगाने चालवा. थरथर तशीच राहिली तर वर्कशॉपला दोष देऊ नका. जिप्सी आणि जिम्नी दोन्हींना पुढे सॉलिड अ‍ॅक्सल आहे. किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं तो भाग) बेअरिंग झिजले, पॅनहार्ड रॉडचे (धुरा आडवा सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बुश गेले किंवा चाकाचं बॅलन्सिंग बिघडलं की अशीच थरथर येते. स्पेसर तिला वाढवतो, कारण चाक बाहेर गेलं की स्टिअरिंगवरचा हिसका लांबतो. किंगपिनमध्ये सैलपणा असताना स्पेसर कितीही अचूक कापला तरी फायदा नाही.

रंग, गंज, बर आणि पत्र्याची क्लिप

सोपी कारणं आधी निस्तरा. स्पेसरच्या दोन्ही फेसवर, बैठकींमध्ये आणि बोअरमध्ये पावडर कोटिंग किंवा रंग असता कामा नये. असेल तर पेंट रिमूव्हरने उतरवा. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून उतरवलात तर फेसचा सपाटपणा गेला. बाहेरच्या परिघावर हवा तो रंग द्या. अ‍ॅनोडायझिंग चालतं, त्याचा थर १०-२५ मायक्रॉनचा आणि कडक असतो, फक्त त्यातला निम्मा थर बाहेर वाढतो हे बोअरच्या मापात धरायला हवं.

हबच्या फेसवरचा गंज वायर ब्रशने धातू दिसेपर्यंत काढा, विशेषतः स्टडच्या मुळाशी. तिथे गंजाचं एक कडं जमतं आणि ब्रश फिरवूनही राहतं. ड्रम किंवा डिस्क जागेवर राहावी म्हणून कारखान्यात स्टडवर पत्र्याची क्लिप किंवा छोटा स्क्रू लावलेला असतो. चाकाच्या मागे त्याला खोबण असते, आपल्या स्पेसरला नसते. अर्धा मिमी वर आलेलं स्क्रूचं डोकं पूर्ण स्पेसर तिरका धरतं. क्लिप काढून टाका. स्क्रूसाठी स्पेसरच्या मागे खळगा करून घ्या.

होलांच्या कडांना बर (कापताना उरलेली धारदार कड) आहे का ते नखाने कळतं. मागच्या फेसवर प्रत्येक होलाला अर्ध्या मिमीचा चॅम्फर (तिरपी कापलेली कड) हवा.

नटाची बैठक आणि धातू

सर्वांत जास्त स्पेसर इथे नापास होतात, आणि हे गाडीवर बघून कळत नाही.

आधी कोन. या गाड्यांचे नट ६० अंशांच्या टेपरचे असतात. व्हीएमसीच्या (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनच्या) टूल रॅकमध्ये चॅम्फर टूल मात्र बहुतेक ९० अंशांचं लावलेलं असतं, आणि ड्रॉइंगवर कोन लिहिला नसेल तर ऑपरेटर तेच वापरतो. मग नट बैठकीला पूर्ण टेकत नाही, एका कडेवर टेकतो. चार टनांचा दाब एका रेघेवर आला की अ‍ॅल्युमिनियम तिथे चेपतं, दर फेरीला थोडं थोडं. तपासणी सोपी आहे: नटाच्या टेपरवर मार्करची शाई किंवा प्रशियन ब्ल्यू लावा, नट बैठकीत टेकवून हाताने अर्धा वळसा द्या, काढा. बैठकीवर किमान ३ मिमी रुंदीचा सलग पट्टा उमटला पाहिजे. तुटक पट्टा किंवा बारीक वर्तुळ दिसलं तर बैठक पुन्हा कापा, तीही हाताच्या ड्रिलने नको, व्हीएमसीवर, डायल गेजने होलाचा मध्य पकडून.

आता दाबाचा हिशेब. टेपर बैठक १४ मिमीपासून १८ मिमीपर्यंत असेल तर दाब झेलणारं क्षेत्रफळ फक्त १०० चौरस मिमी होतं. ४० किलोन्यूटन त्यावर टाकले की ४०० मेगापास्कल. ६०६१-टी६ जातीच्या धातूची यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा दबू लागतो) २४० ते २७५ मेगापास्कल, ६०८२-टी६ ची साधारण २५० ते २६०. म्हणजे चांगला धातू घेऊनही बैठक दबणारच. तीच बैठक १२.५ पासून २० मिमीपर्यंत नेली तर क्षेत्रफळ १९० चौरस मिमीच्या वर जातं आणि दाब २१० मेगापास्कलवर येतो. एवढाच फरक: होल १३-१४ ऐवजी १२.५ आणि नटाचा टेपर मोठा. ड्रॉइंगमध्ये हे दोन आकडे टाकायला काही खर्च नाही.

दुसरा मार्ग सपाट बैठकीचा. खळग्याच्या तळाशी २४ मिमी व्यासाचं कडक केलेलं वॉशर आणि त्यावर फ्लँज नट, मग क्षेत्रफळ ३०० चौरस मिमीच्या वर आणि दाब १३० च्या आसपास. पण सपाट नट स्पेसरला मध्यावर आणत नाही. त्यासाठी बोअर हबवर नीट बसणारं हवं. बोअर चोख असेल तर सपाट बैठक जास्त टिकते. बोअरबद्दल खात्री नसेल तर मोठा टेपर घ्या.

धातूचा गोंधळ दुकानापासून सुरू होतो. आपल्याकडे व्यापारी अजून जुनी नावं वापरतात: एचई ९ म्हणजे ६०६३, एचई २० म्हणजे ६०६१, एचई ३० म्हणजे ६०८२. खिडक्या-दरवाज्यांच्या सेक्शनचा धातू ६०६३. टी५ अवस्थेत त्याची यील्ड १४५ मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे स्पेसरसाठी निरुपयोगी. तो कापायला मऊ, दिसायला सारखाच, त्यामुळे राउंड बार हातात घेऊन फरक कळत नाही. एचई ३० सांगूनही काम भागत नाही, टेम्पर, म्हणजे धातू तापवून किती कडक केलाय ते, सांगावा लागतो. टी६ साठी जुनी खूण ‘डब्ल्यूपी’. बारसोबत मिल टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि बारवरचा हीट नंबर त्याच्याशी जुळवा. सर्टिफिकेट नसेल तर जॉबची हार्डनेस तपासून घ्या: ६०६१-टी६ साधारण ९५ ब्रिनेल दाखवतो, ६०६३-टी५ साधारण ६०. भोसरी, शिरोली किंवा सातपूरसारख्या औद्योगिक वसाहतीत हार्डनेस टेस्टर शोधायला दूर जावं लागत नाही.

ओतीव ब्लँक घेऊच नका. भंगार वितळवून ओतलेल्या ब्लँकला फेसिंग केल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात. दिसली की काम तिथेच थांबवा. तसंच टी६ च्या स्पेसरवर वेल्डिंग करून चुकलेलं होल भरणं हा प्रकार चालतो, तो करू देऊ नका. वेल्डच्या आसपासचा टी६ गेला, म्हणजे ताकद गेली.

७०७५ घ्यावा का, हा प्रश्न हमखास येतो. यील्ड ५०० मेगापास्कल, बैठक दबण्याचा प्रश्नच मिटतो. पण खाऱ्या हवेत तो ६०६१ पेक्षा लवकर खराब होतो, म्हणून कोकण-गोव्यात चालणाऱ्या गाडीला ६०६१ किंवा ६०८२ आणि मोठी बैठक हीच जोडी बरी.

पीसीडी: १४० नव्हे, १३९.७

साडेपाच इंच म्हणजे बरोबर १३९.७ मिमी. बोलताना सगळे ‘एकशे चाळीस’ म्हणतात, आणि फोनवर सांगितलेलं माप प्रोग्रामात १४० म्हणून जातं. प्रत्येक होल ०.१५ मिमी बाहेर सरकतं. एवढ्याने स्पेसर बसायचा राहत नाही, हीच अडचण. तो बसतो, टेपर नट स्टडला बाहेर ओढतो, स्टडला कायमचा वाक मिळतो.

पाच होलांचा पीसीडी व्हर्निअरने थेट मोजता येत नाही, कारण समोरासमोर होलच नसतात. शेजारच्या दोन होलांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि ०.५८७८ ने भागा. १३९.७ साठी ते ८२.११ मिमी यायला हवं. एक सोडून पुढच्या होलाचं अंतर १३२.८६ मिमी. मध्य सापडत नाही म्हणून होलांच्या जवळच्या कडा आणि लांबच्या कडा अशी दोन मापं घ्या, त्यांची सरासरी म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. पाचही जोड्या मोजा. चार बरोबर आणि एक चुकीची येत नसते; चुकतात तेव्हा शेजारच्या दोन चुकतात, आणि मधलं होल सरकलेलं असतं.

पीसीडी चुकला असेल तर इलाज नाही. गोल फाइलने होल मोठं करून बसवलेला स्पेसर म्हणजे सरकायला मोकळी जागा करून दिली. तो भंगारात टाका आणि वर्कशॉपकडे नवीन मागा. पाचच्या पाच होलं आणि पाच स्टडची होलं, अशी दहा, एकाच सेटअपमध्ये, बोअर डायल करून शून्य धरून मारायला सांगा. डिव्हायडिंग हेडवर मारलेली होलंही बरोबर येऊ शकतात, पण जॉब मध्ये सोडून पुन्हा पकडला नसेल तरच.

बोअर, आणि लेथवर दिसत नसलेला वाकडेपणा

हब मोजा. १०८ हे पुस्तकातलं माप. गंजलेल्या, घासलेल्या हबवर १०७.९ सुद्धा निघतं. मायक्रोमीटरने तीन दिशांना मोजा आणि सर्वांत मोठ्या मापाच्या वर ०.०५ ते ०.१० मिमी सोडून बोअर ठरवा. चाकाकडच्या कॉलरचा (चाकाच्या बोअरमध्ये शिरणाऱ्या उभ्या कडेचा) बाहेरचा व्यास चाकाच्या बोअरपेक्षा ०.१ मिमी कमी.

इथे एक भूमितीची अडचण आहे. हबवर बसणारं बोअर १०८ आणि चाक धरणारी कॉलरही १०८. दोन्ही सारखे, म्हणजे कॉलरची भिंत शून्य जाडीची. म्हणून १०८ चं बोअर मागच्या बाजूने हबच्या बॉसच्या (मधल्या उंचवट्याच्या) उंचीएवढं, अधिक २ मिमी, इतकंच खोल ठेवायचं आणि पुढे व्यास कमी करायचा. किती कमी, ते पुढच्या हबवरचं फ्री-व्हील हब ठरवतं, त्यावरून स्पेसर मोकळा गेला पाहिजे. पुढच्या आणि मागच्या हबची उंची व बॉस वेगळे मोजा. मागच्या चाकाची मापं पुढे लावून चार सारखे स्पेसर कापले, की पुढचे दोन फेसला न टेकता बॉसवर अडकतात. नट आवळले जातात, टॉर्कही येतो, आणि स्पेसर हवेत असतो. फेस आणि हब यांच्यामध्ये ०.०५ मिमीचा फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) जातोय का हे बघितलं की हा दोष लगेच पकडता येतो.

आता तापमान. कोरड्या कटमध्ये जॉब सहज ४५-५० अंशांवर जातो. १०८ मिमीचं अ‍ॅल्युमिनियम बोअर २० अंश जास्त तापलेलं असताना ०.०५ मिमी मोठं मोजलं जातं. लेथवर बरोबर बसलेला जॉब घरी हबवर चढत नाही, त्याचं कारण हेच. मग कोणीतरी तो हातोड्याने चढवतो आणि फेसवर ठोके उमटतात. शेवटचा पास कूलंटमध्ये, आणि माप जॉब निवल्यावर.

लेथच्या तीन जॉ चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या तीन जबड्यांमध्ये) रिंग दाबून धरली की ती किंचित तिकोनी होते. त्या अवस्थेत बोअर गोल कापलं जातं, चक सोडला की बोअर तिकोनी होतं. व्हर्निअर हे दाखवत नाही: तीन फुगवट्यांच्या आकाराचा व्यास कुठल्याही दिशेला जवळपास सारखाच भरतो. तीन टोकांच्या बोअर गेजने कळतं, नाहीतर स्पेसर हबवर हाताने फिरवताना तीन ठिकाणी अडतो त्यावरून. सॉफ्ट जॉ त्या व्यासाला बोअर करून घ्या आणि शेवटच्या पासाआधी चक सैल करून हलक्या हाताने पुन्हा आवळायला सांगा.

कामाचा क्रम असा असावा: मागचा फेस आणि १०८ चं बोअर एकाच पकडीत. मग जॉब उलटा करून, मागचा फेस जॉच्या पायरीला टेकवून, पुढचा फेस आणि कॉलर. दोन फेसमधला फरक परिघावर चार ठिकाणी मायक्रोमीटरने मोजला तर ०.०३ मिमीच्या आत हवा. १९५/८०आर१५ टायरचा व्यास साधारण ६९० मिमी. १७५ मिमीच्या स्पेसरवर ०.१ चा फरक टायरच्या कडेला ०.४ मिमी डगमग देतो, आणि फेस पूर्ण न टेकल्याने नट सुटतो ते वेगळंच.

गाडीवरची शेवटची तपासणी डायल गेजने. आधी नुसत्या हबच्या फेसवर डायल लावा. हबच ०.१ मिमी डगमगत असेल तर स्पेसर निर्दोष. मग स्पेसर पूर्ण टॉर्कला बसवून फेसवर आणि कॉलरवर, दोन्हीकडे. ०.०८ च्या आत असेल तर ठीक.

स्पेसरचे स्टड

मागून प्रेस केलेले, नर्ल (पकड घेणाऱ्या उभ्या खाचा) असलेले १०.९ ग्रेडचे स्टडच घ्या. पुढून टॅप मारून बसवलेले स्टड अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांवर जगतात, ते इथे नकोत. स्टडचं डोकं मागच्या फेसच्या आत अर्धा मिमी राहील एवढं काउंटरबोअर हवं; डोकं जरासं जरी वर राहिलं तरी स्पेसर त्याच्यावर डुलतो. होल नर्लच्या व्यासापेक्षा ०.२-०.३ मिमीने लहान ठेवतात, पण आधी त्याच बारच्या उरलेल्या तुकड्यात एक स्टड दाबून, नट लावून १२० न्यूटन-मीटरपर्यंत फिरतो का ते पाहा. हायड्रॉलिक प्रेसने दाबा. नट आवळून स्टड ओढून घेतला तर आटे आधीच ताणले जातात, आणि सरळ बसला की नाही हेही कळत नाही.

जाडी, आणि मूळ स्टडची टोकं

मूळ स्टड स्पेसरच्या पुढच्या फेसबाहेर डोकावत असतील तर चाक फेसला टेकत नाही. काही अलॉय चाकांना मागे खळगे असतात, तिथे चालून जातं. स्टीलच्या चाकाला ते नसतात. स्टीलची स्टेपनी लावायची वेळ आली की मग लक्षात येतं. चाकाच्या मागच्या फेसवर मळलेल्या कणकेचे गोळे चिकटवा, चाक नुसतं टेकवून काढा, ठसे पाहा. टोक लागत असेल तर स्पेसर जाड करा. स्टड कापणं शेवटचा पर्याय, तोही नटात आट्याची लांबी पूर्ण उरत असेल तर: एम१२ × १.२५ ला किमान दहा पूर्ण फेरे.

एम१२ साठी २५ मिमीपेक्षा पातळ बोल्ट-ऑन स्पेसर करू नये. नट पूर्ण बुडवून खाली १० मिमी धातू उरत नाही. खळगा किती मोठा हेही बघा. १९ च्या पातळ सॉकेटला २६-२७ मिमीचा खळगा लागतो. २७ चा धरला तर तो मध्यापासून ५६.३५ मिमीपर्यंत आत येतो, आणि १०८ च्या बोअरची कड ५४ वर. मध्ये २.३५ मिमीची भिंत. पुढचा व्यास कमी ठेवण्याचं हे दुसरं कारण.

वरच्या टोकाला ३० मिमी पुरे. जिम्नीच्या मूळ चाकाचा ऑफसेट (चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या फेसचं मिमीतलं अंतर) +५ आहे, ३० च्या स्पेसरने तो -२५ होतो. बेअरिंग आणि किंगपिनवरचा भार त्या प्रमाणात वाढतो. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर मर्यादा आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१९ च्या निकालानंतर उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून दूर जाणं अवघड झालंय. इन्शुरन्सचा क्लेम करताना स्पेसर बघितला जाऊ शकतो, हे धरून चला.

वर्कशॉपला काय लिहून द्यायचं

तोंडी सांगू नका. एका कागदावर एवढं असू द्या: धातू ६०६१-टी६ किंवा ६०८२-टी६, सर्टिफिकेटसह. बाहेरचा व्यास १७५, जाडी ३०. पीसीडी १३९.७०, होल १२.५, बैठक ६० अंश ते २० मिमी व्यास. मागचं बोअर मोजलेल्या हबनुसार, खोलीसह. फेस समांतर ०.०३. होलांचं स्थान बोअरपासून ±०.०५. सर्व कडांना चॅम्फर ०.५, फक्त बैठकींना नाही. फेस, बोअर, बैठका यांवर रंग नको. शक्य असेल तर हबचं ड्रम किंवा जुनी डिस्क नमुन्याला द्या, ऑपरेटर ती लावून बघतो आणि अर्धे वाद तिथेच मिटतात.

कॉलरची उंची न धरता १८० मिमी राउंड बारचा ३२ मिमी जाड तुकडा २.२ किलो भरतो, चार तुकडे म्हणजे पावणेनऊ किलो. निम्म्याहून अधिक धातू चिप्स म्हणून जातो, तेव्हा दर ठरवताना चिप्स कोणाच्या हेही बोलून घ्या. बँडसॉवर कापताना तिरपं जातं, म्हणून तुकडा ३२ अधिक कॉलरची उंची यापेक्षा कमी घेऊ नका.

पहिला एकच स्पेसर पूर्ण करून हबवर लावून पाहा, मग बाकीचे तीन.

बसवताना

हब स्वच्छ, फेस कोरडे. बोअरच्या आतल्या कडेला अँटी-सीझचा (धातू एकमेकांना चिकटू न देणाऱ्या वंगणाचा) अगदी पातळ थर, कारण पावसाळ्यात लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना धरतात आणि पुढच्या वेळी स्पेसर पुलरशिवाय निघत नाही. हा थर आट्यांवर किंवा फेसवर जाऊ देऊ नका. आट्यांना वंगण लागलं तर १०० न्यूटन-मीटरला ताण पाव पटीने, कधी त्याहून जास्त वाढतो.

नट हाताने पूर्ण चढवा, मग एक सोडून एक अशा क्रमाने ४०, ७० आणि १०० न्यूटन-मीटर. स्पेसरच्या आतल्या नटांवर पेंट मार्करने नट ते फेस अशी रेघ ओढा. मग चाक, तेच टप्पे. इथे टायरवाल्याची एअर गन लावू देऊ नका, आणि पंक्चर काढून घेताना समोर उभं राहून हे सांगावं लागतं.

५० किलोमीटरनंतर चाक काढून आतले नट १०० न्यूटन-मीटरला तपासा. थोडे फिरले तर ठीक, बैठक एकदा बसते. पुन्हा २०० किलोमीटरनंतर त्याच टॉर्कला तपासा. यावेळी एकही नट फिरायला नको. २०० किलोमीटरनंतरही नट फिरत असेल तर जोडीत अजून काहीतरी दबतंय. आवळून पुढे जाऊ नका, स्पेसर उतरवून बैठकीवर शाई लावा आणि फेसखाली फिलर घाला. त्यानंतर दर सर्व्हिसला, आणि चाक बुडेल एवढ्या पाण्यातून किंवा दगडांच्या ट्रेलवरून आल्यावर, रेघा जुळतात का एवढं बघा.

एकदा सैल स्पेसरवर गाडी चाललेली असेल तर मूळ स्टडही संशयित धरा. नवा स्पेसर लावण्याआधी त्या हबचे पाचही स्टड बदला. एकच वाकलेला दिसला तरी बाकीचे चार त्याच हिसक्यांतून गेलेले असतात. होलाच्या कडेपासून बोअरकडे जाणारी केसासारखी रेघ दिसली तर स्पेसरवर डाय पेनेट्रंट (भेगेत शिरून ती दाखवणारा रंग) मारून घ्या. रेघ लाल झाली की त्या स्पेसरला आडवा छेद देऊन भंगारात टाका, नाहीतर तो दुसऱ्या कोणाच्या गाडीवर चढतो.